डच टांकसाळींतली ‘चाचणी नाणी’: पार्श्वभूमी

सतराव्या-अठराव्या शतकातल्या डच नाण्यापुढे लिलावाच्या यादीत ‘चाचणी नाणे’ असा शेरा पडला की बोली चढते. पण असा शेरा मिरवणारी बरीचशी नाणी कशाचीही चाचणी घ्यायला पाडलेली नव्हती.

१५७९ च्या उट्रेख्ट करारात उत्तरेकडचे प्रांत स्पेनविरुद्ध एक झाले, तरी नाणी पाडण्याचा हक्क कोणी सोडला नाही. हॉलंड प्रांताची टांकसाळ डॉर्ड्रेख्टला, झीलंडची मिडेलबर्गला, गेल्डरलंडची हार्डरवाइकला. पश्चिम फ्रिसलंडची तर होर्न, एन्कहाउझन आणि मेडेम्ब्लिक या तीन गावांत पाळीपाळीने फिरायची. डेव्हेंटर, काम्पेन, झ्वोल या शहरांच्या टांकसाळी आणखी वेगळ्या. १५८६ चा लेस्टरचा (तेव्हाच्या इंग्रज गव्हर्नर-जनरलचा) नाणेविषयक हुकूम आणि १६०६ चे फर्मान यांनी सर्वांसाठी वजन आणि कस ठरवून दिले.

टांकसाळीचा प्रमुख बहुधा मक्तेदार असे. प्रांताचा वाटा देऊन उरेल तो नफा त्याचा, त्यामुळे चांदीत हात मारायचा मोह कायम. म्हणून त्याच्यावर नजर ठेवायला देखरेखीचा अधिकारी आणि कस लावणारा पारखी असत. प्रत्येक घाण्यातली काही नाणी कुलूपबंद पेटीत पडत आणि पुढे वरिष्ठ नाणे-अधिकाऱ्यांसमोर ती पेटी उघडून कस तपासला जाई. त्या काळातली खरी चाचणी ही होती, आणि ती धातूची होती.

ठशाची चाचणी साधी असे. कोरणारा कारागीर ठसा शिशावर किंवा कथलावर दाबून बघायचा. हे तुकडे पुन्हा वितळवले जात, म्हणून क्वचितच उरले आहेत. नवी रचना ठरवताना मात्र खरी नमुना नाणी लागत. अशा वेळा मोजक्याच आल्या: १६५९ मध्ये ‘चांदीचा घोडेस्वार’ आणि ‘चांदीचा डुकाट’ ही मोठी नाणी आली, १६८० नंतर हॉलंडने गिल्डर हे चांदीचे नाणे पाडायला घेतले आणि १६९४ मध्ये ते सर्व प्रांतांसाठी एकसारखे ठरले.

मग बाकीची कोणती? मुख्यतः भेटीची. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हातोड्याची जागा स्क्रू फिरवून दाब देणाऱ्या स्क्रू-प्रेस यंत्राने घेतली आणि छाप रेखीव, एकसारखा उमटू लागला. दाखवण्याजोगे नाणे पाडणे सोपे झाले. दुप्पट जाडीची नाणी पाडली गेली, तांब्याच्या डॉइटचे किंवा चांदीच्या स्टायव्हरचे, म्हणजे किरकोळ सुट्या नाण्यांचे, ठसे सोन्यावर मारले गेले. नववर्षाला कारभाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना द्यायला ही उत्तम वस्तू. गंमत वजनात आहे. सोन्याचा डॉइट अनेकदा बरोबर एका सोन्याच्या डुकाटच्या वजनाचा, सोन्याचा स्टायव्हर अर्ध्या डुकाटचा. १६० डॉइट म्हणजे एक गिल्डर आणि डुकाटची किंमत पाच गिल्डरांहून जास्त. म्हणजे ठसा सर्वांत कमी किमतीच्या नाण्याचा, पण मोल ८०० डॉइटांच्या वर! घेणाऱ्याला कौतुक मिळे आणि सोनेही.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या (व्हीओसीच्या) १७२६ पासूनच्या डॉइटांचीही हीच गोष्ट. आपल्याकडच्या संग्राहकांना व्हीओसीची तांब्याची नाणी परिचयाची. त्याच ठशांची चांदीची आणि सोन्याचीही आढळतात.

त्यामुळे शेरा वाचण्याआधी नाणे तोलावे. सोन्याचे वजन अर्ध्या डुकाटच्या पटीत बसले आणि छाप चलनातल्यासारखाच असला, तर ती भेट समजावी. चलनात कधीच न आलेली रचना किंवा अक्षरे दिसली, तर नमुना म्हणायला जागा आहे. १८०६ मध्ये लुई नेपोलियनच्या काळात उट्रेख्टची टांकसाळ राष्ट्रीय झाली आणि प्रांतिक मक्तेदारांचा हा उद्योग थांबला.