झेड ड्राइव्ह दिसतो, मग बॅकअप का होत नाही?

बेळगावच्या उद्यमबागेतली फाउंड्री असो, खडेबाजारातले दुकान असो की निपाणीकडची पतसंस्था, सर्व्हर आणि बॅकअप सांभाळणाऱ्या आम्हाला येणारा फोन बहुधा असाच सुरू होतो. सर्व्हरवर झेड ड्राइव्ह, म्हणजे दुसऱ्या संगणकावरच्या शेअर फोल्डरला दिलेले झेड हे अक्षर, उघडतो, त्यात फाइल ठेवता येते, पण रात्रीचा बॅकअप काही उतरत नाही. मग केबल बदलतात, राउटर बंद-चालू करतात, अँटिव्हायरस काढून टाकतात. आम्ही पोहोचेपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो, आणि आधी काय होते ते शोधण्यात उरलेला.

झेड ड्राइव्ह हा ज्याने लॉगिन केले त्याच्यापुरता असतो. बॅकअप घेते ती एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची सेवा, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, आणि ती स्वतःच्या वेगळ्या युजरने चालते. तिला तुमचा झेड दिसतच नाही. गोदामाची किल्ली शेठच्या खिशात असली म्हणून रात्रीच्या वॉचमनला दार उघडता येत नाही, तसेच हे. त्यामुळे ‘मी स्वतः उघडून बघितलं, चालतंय की’ या तपासणीला इथे अर्थ नाही. पत्ता \\गोदाम\बॅकअप असा संगणकाच्या नावाने द्यायचा आणि परवानगी सेवेच्या युजरला द्यायची, तीही फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या शेअरिंग आणि सिक्युरिटी या दोन्ही टॅबमध्ये. एकात दिली आणि दुसऱ्यात राहिली, तर दार बंदच.

फोन करण्याआधी एररचा आकडा तेवढा बघा. 3 आला तर मार्ग सापडला नाही. बहुतेक वेळा कोणीतरी पत्त्यात झेड लिहिलेला असतो. 5 म्हणजे परवानगी नाही. 53 म्हणजे पलीकडचा संगणकच सापडत नाही: तो बंद आहे, केबल निघाली आहे किंवा नाव बदलले आहे. 112 म्हणजे डिस्क भरली. 18456 चा शेअर फोल्डरशी संबंध नाही. तिथे खुद्द डेटाबेसनेच लॉगिन नाकारलेले असते. आणि 1326 म्हणजे युजरचे नाव किंवा पासवर्ड चुकला. आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारा आकडा हाच.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सगळे युजर एका जागी सांभाळणारे डोमेन नसते, साधा वर्कग्रुप असतो, म्हणजे प्रत्येक संगणकाचे युजर वेगळे. म्हणून आम्ही सर्व्हरवर आणि बॅकअपच्या संगणकावर एकाच नावाचा, एकाच पासवर्डचा युजर करून देतो. एखादा कारकून सोडून जातो, मालक सावधगिरी म्हणून सगळे पासवर्ड बदलतात, त्यात हाही बदलतो. बॅकअपच्या संगणकावर बदलला तर पुढे कधीतरी 1326 येतोच. सर्व्हरवर बदलला तर बिलिंग लगेच अडत नाही, कारण चालू असलेली सेवा जुन्याच लॉगिनवर चालत राहते. मग पावसात लाइट जाते, सर्व्हर परत चालू होतो, सेवा 1069 दाखवून उठतच नाही आणि बिलिंगच उघडत नाही. दोष लाइटवर जातो, यूपीएसवाल्याला बोलावले जाते; पासवर्ड बदलल्याचे कोणाच्या डोक्यातही नसते.

हा पासवर्ड चार जागी असतो: दोन्ही संगणकांवरचा युजर, सेवेची लॉगिन नोंद आणि टास्क शेड्युलर या विंडोजच्या वेळापत्रकातले रात्रीचे काम. एसक्यूएल सर्व्हरच्या मोफतच्या एक्सप्रेस आवृत्तीत ठरल्या वेळी काम करणारा एजंट नसतो, म्हणून ते चौथे ठिकाण. बदलायचा तर चारही जागी एकाच बैठकीत बदला, सेवा बंद-चालू करा आणि आपण समोर असतानाच एक बॅकअप काढून बघा. नाहीतर बदलण्याआधी आम्हाला एक फोन करा. त्याचे पैसे आम्ही लावत नाही.

‘एवढी भानगड कशाला, फोल्डर सगळ्यांना उघडा ठेवा ना,’ असे बरेच जण म्हणतात. कोणी तसे करूनही देते, आणि त्या दिवसापुरते ते चालतेही. पण काउंटरवरच्या संगणकात खंडणीचा व्हायरस शिरला, तर जिथे लिहिता येते त्या प्रत्येक फोल्डरला तो कुलूप लावतो, बॅकअपलासुद्धा. शिवाय विंडोज 11 प्रोच्या 24एच2 आवृत्तीपासून बिनपासवर्डाचे गेस्ट लॉगिन मुळातच बंद असते, म्हणजे नवा संगणक आणला की उघडा फोल्डर पुन्हा अडणारच. ‘एसए’चा, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य युजरचा, पासवर्ड आम्ही सगळ्यांना सांगत नाही यावरही नाराजी असते. तो बंद लिफाफ्यात मालकांकडे दिलेला असतो. डेटा तुमचाच आहे.

फाइल तयार झाली म्हणजे बॅकअप झाला, असेही धरून चालू नका. ती दुसऱ्या संगणकावर उघडून, शेवटच्या दिवसाचे शेवटचे बिल त्यात दिसले पाहिजे. वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांकडे ही तपासणी आम्ही दर महिन्याला करतो आणि कागदावर सही घेतो. करार नसेल तर एकदाच करून घेता येते. मार्च अखेरीच्या गर्दीत मात्र वेळ मिळणे अवघड, फेब्रुवारीतच सांगा. अडचण आली तर एररचा पूर्ण फोटो पाठवा, आकड्यासकट, आणि मागच्या महिन्याभरात कोणता पासवर्ड, कोणता संगणक किंवा राउटर बदलला तेही लिहा. पासवर्ड मात्र फोटोत किंवा मेसेजवर पाठवू नका.