गोळी आडवी का लागते?

सिंधुदुर्गातल्या आंबा-काजूच्या बागांत शेती संरक्षणाच्या परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका असतात, त्यांना गोळी आडवी लागण्याची ही अडचण कधी येत नाही. त्यातून छर्रे सुटतात किंवा गोल गोळी, आणि गोल वस्तू हवेत कशीही कोलांटली तरी कागदाला भोक गोलच पाडते. रिव्हॉल्व्हरची गोळी लांबट असते. ती नाकासमोर न जाता कलंडली, तर टार्गेटवर लांबुळकं, फाटकं भोक दिसतं. हाताने काडतुसं भरणाऱ्यांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे.

लांबट गोळीचा स्वभावच उलटण्याचा. हवेचा जोर तिच्या वजनाच्या मध्याच्या पुढे, नाकाकडे लागतो. त्यामुळे ती जराशी कलली की हवा तिला आणखी कलवते. फिरता भोवरा ज्या कारणाने पडत नाही, त्याच कारणाने फिरती गोळी उलटत नाही. तो फेर तिला मिळतो नळीच्या आतल्या पीळदार खाचांमुळे.

फिरकीचं महत्त्व नीट ओळखलं ते इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी. गुळगुळीत नळीतला गोळा नळीपेक्षा थोडा लहान ठेवावा लागतो, तो आत आपटत जातो आणि बाहेर पडताना वाटेल त्या दिशेला गरगरत भरकटतो, हे त्यांनी दाखवलं. तोफशास्त्रावरचं त्यांचं लेखन १७४२ साली प्रसिद्ध झालं. पुढे ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले आणि १७५१ मध्ये पूर्व किनाऱ्यावर फोर्ट सेंट डेव्हिड इथे वारले. त्यानंतर चारच वर्षांनी कंपनीच्याच कमोडोर जेम्सच्या जहाजांनी हर्णैच्या सुवर्णदुर्गावर मारा केला, तोही गुळगुळीत नळ्यांच्या तोफांनीच. शास्त्र पुढे गेलं होतं, तोफा मागेच होत्या.

किती पीळ पुरे, याचं एक सोपं सूत्र इंग्रज गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलं. गोळीची लांबी तिच्या जाडीच्या किती पट आहे ते पाहायचं आणि १५० ला त्या आकड्याने भागायचं. गोळी जाडीच्या दुप्पट लांब असेल तर उत्तर ७५. म्हणजे जाडीच्या ७५ पट अंतरात एक फेरा पुरतो. .३८ (इंचाच्या मापावरून पडलेलं नाव) च्या गोळीसाठी हे अंतर सुमारे ६८० मिलिमीटर भरतं. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत एक फेरा साधारण ४७६ मिलिमीटरमध्येच पूर्ण होतो. सेकंदाला २५० मीटर वेगाने सुटलेली गोळी अशा नळीतून सेकंदाला सुमारे ५२५ फेरे घेत बाहेर पडते. थोडक्यात, पीळ गरजेपेक्षा जास्तच आहे.

मग ती कलंडते का? कारण बहुतेक वेळा तिने खाचा धरलेल्याच नसतात.

संशय पहिल्यांदा काडतुसातल्या दारूवर घेतला जातो. माझ्या मते आधी मोजायची ती गोळीची जाडी. .३८ हे नाव फसवं आहे: .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात .३५७ ते .३५८ इंचाची, म्हणजे जेमतेम ९.१ मिलिमीटरची असते. जुन्या ब्रिटिश .३८० रिव्हॉल्व्हरची नळी याहून किंचित रुंद. तिच्यात ही गोळी घातली तर ती खाचांवरून घसरत जाते, बाजूने गरम वायू निसटतो आणि शिशाचा थर नळीला चिकटून बसतो.

रिव्हॉल्व्हरची आणखी एक खोड आहे. गोळी नळीत शिरण्याआधी सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं ठेवायच्या फिरत्या भागाच्या, कप्प्याच्या तोंडातून जाते. ते तोंड नळीच्या खाचांहून अरुंद असलं, तर योग्य मापाची शिशाची गोळीही तिथेच आवळली जाते आणि पुढे नळीत सैल पडते. पाच शतांश मिलिमीटरचा फरकसुद्धा इथे नडतो. कधी गोळी बसवताना काडतुसाची पुंगळीच तिला दाबते, विशेषतः शिसं मऊ असेल तर. मच्छीमार जाळ्याला लावतात तसलं शुद्ध शिसं कडकपणाच्या ब्रिनेल मापावर जेमतेम ५ भरतं. त्यात अँटिमनी हा धातू मिसळला की ते कडक होतं. गोळीचं बूडही तपासावं. नाकाला पोचा आला तर फारसं बिघडत नाही, पण बुडाची कड तुटली असेल तर नळीबाहेर पडताना वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला धक्का देतो.

दारू वाढवून पाहायचा मोह इथे धोक्याचा. दाब चढतो, सैल गोळी तशीच घसरते आणि हत्यार फुटायची भीती वेगळीच. आपल्याकडे तर परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हाच शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे, तेव्हा हे प्रयोग घरच्या माडीवर करायचे नाहीत.

तपासणीची खरी रीत साधी आहे. हत्यार रिकामं करून मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलायचा. खाचांचा ठसा त्यावर उमटतो. स्मिथ अँड वेसनच्या नळीत खाचा पाच असल्यामुळे समोरासमोर खाच येत नाही आणि जाडी मोजायचा साधा मायक्रोमीटर तिथे अडतो. अशा वेळी तोच तुकडा प्रत्येक कप्प्याच्या तोंडात घालून पाहतात. अडला तर तोंड अरुंद. कप्प्यांना क्रमांक देऊन कुठल्या कप्प्याची गोळी कुठे लागली हेही कागदावर लिहून ठेवतात. एकाच कप्प्याच्या गोळ्या भरकटत असतील तर दोष त्या कप्प्याचा, किंवा तो नळीसमोर नेमका येत नसल्याचा. सगळ्याच कप्प्यांच्या भरकटत असतील तर गोळीचं माप किंवा नळी बघायची.