पार्श्वभूमी: सोरा, कॉड आणि कच्चे हिरे

शंभर पौंडांमागे दहा सेंटाव्हो. १८७८ मध्ये बोलिव्हियाने तेव्हा आपल्याच ताब्यात असलेल्या अँटोफगास्ताच्या वाळवंटातून निघणाऱ्या सोऱ्यावर हा कर बसवला. सोरा खतालाही लागे आणि स्फोटकांनाही. तो काढणारी कंपनी चिलीची होती, आणि चिलीच्या कंपन्यांवर २५ वर्षं कर वाढवणार नाही असं बोलिव्हियाने १८७४ च्या तहात लिहून दिलं होतं. कंपनीने कर भरला नाही. सरकारने तिच्या मालमत्तेचा लिलाव काढला. लिलावाच्याच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७९ ला, चिलीचं सैन्य बंदरात उतरलं. पेरूही युद्धात ओढला गेला आणि बोलिव्हियाचा सगळा किनारा गेला. समुद्र नसलेल्या त्या देशाकडे नौदल मात्र आजही आहे. पुढे हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार होऊ लागला आणि त्या सोऱ्याचा भावही उतरला.

तेव्हाचं सुरक्षा धोरण सरळ होतं: जे लागतं ते ताब्यात ठेवा. आरमार कोळशावरून तेलावर नेणाऱ्या ब्रिटनने १९१४ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर विकत घेतले. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने जपानचं तेल तोडलं. त्याच डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

१९६२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नैसर्गिक संपत्तीवर त्या-त्या देशाचंच सार्वभौमत्व असल्याचा ठराव केला. ताब्याचं राजकारण उघडपणे करणं मग अवघड झालं. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यावर साठ्याचा मार्ग पुढे आला: १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली आणि सदस्यांनी ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतकं तेल राखून ठेवायचं ठरलं. साठ्याने धक्का सोसता येतो, पण मूळचं भांडण तसंच राहतं.

ते कसं मिटू शकतं याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण कॉड माशांचं आहे. आइसलँडने मासेमारीची हद्द आधी १२, मग ५०, मग २०० सागरी मैलांवर नेली. ब्रिटिश ट्रॉलर, म्हणजे मागे जाळं ओढणाऱ्या मासेमारी बोटी, हटेनात, तेव्हा १९७२ पासून आइसलँडच्या गस्ती बोटी मागे एक कापणी हुक ओढत ट्रॉलरच्या पाठीमागून आडव्या जायच्या आणि जाळ्याचे पोलादी दोर तोडायच्या. लाखमोलाचं जाळं तळाशी. ब्रिटनने युद्धनौका पाठवल्या, टकरा झाल्या. दोघेही नाटोचे सदस्य! नाटोचा हवाई तळ आपल्या भूमीवर आहे, याची आठवण आइसलँड करून देत राहिला. १९७६ मध्ये ब्रिटनने माघार घेतली आणि १९८२ च्या सागरी कायद्यात २०० मैलांची हद्द सगळ्या जगासाठी लिहिली गेली.

हिऱ्यांच्या बाबतीत नेमकं हे लिहिणंच फसलं. अंगोला आणि सिएरा लिओनमधले बंडखोर हिरे विकून शस्त्रं घेत होते. १९९८ आणि २००० मध्ये सुरक्षा परिषदेने निर्बंध घातले, २००३ मध्ये किंबर्ली प्रमाणपत्र आलं. कच्च्या हिऱ्यांची प्रत्येक पेटी सीलबंद, सोबत सरकारी दाखला. पण 'संघर्ष-हिरे' म्हणजे बंडखोरांना पैसा पुरवणारे हिरे, एवढीच व्याख्या. २००८ मध्ये झिम्बाब्वेच्या मारांगे खाणींवर लष्करानेच माणसं मारली, तेव्हा ते हिरे व्याख्येत बसेनात. या योजनेसाठी झटलेली ग्लोबल विटनेस ही संस्था २०११ मध्ये तिच्यातून बाहेर पडली.

त्याच सुमारास जुनाच पेच नव्या मालावर आला. २०१० मध्ये जपान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोट जपानी तटरक्षकांच्या नौकांवर आदळली आणि चीनमधून जपानला जाणारी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं (चुंबकं आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणारे धातू) अडकली. चीनच्या निर्यात-कोट्यांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेचा निकाल लागायला २०१४ उजाडलं. जपान तोवर थांबला नव्हता. २०११ मध्येच त्याने ही मूलद्रव्यं काढणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसे घातले होते.