दक्षिण घाटातल्या तेरड्यांचे टाइप नमुने : पार्श्वभूमी

टाइप म्हणजे जातीचं नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं, ती एक वस्तू. जुन्या नावांसाठी ती शीट (कागदावर चिकटवलेला दाबून वाळवलेला नमुना) असावी की मूळ चित्र, हा आजचा वाद; त्याची ही पार्श्वभूमी. पश्चिम घाटात तेरड्याच्या शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. सगळ्यात दाटी निलगिरी, अन्नामलाई, पळणी आणि अगस्त्यमलै या दक्षिणेकडच्या डोंगरांत. कासच्या पठारावर दिसतो तो तेरडा पावसाबरोबर येतो नि जातो. तिकडच्या कित्येक जाती मात्र वर्षानुवर्षं टिकतात, काही तर झाडांच्या शेवाळलेल्या खोडांवर वाढतात.

१८५९ च्या आसपास मद्रास इलाख्यातल्या एका वनाधिकाऱ्याने यातल्या बऱ्याच जाती प्रथम छापल्या. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये दोघांनी वाळक्या नमुन्यांवरून भारतातल्या साऱ्या तेरड्यांची मांडणी केली. त्यातल्याच एकाने पुढे १९०४ ते १९०६ मध्ये, नव्वदीकडे झुकलेला असताना, तेच काम नव्याने हाती घेतलं. गरम पाण्यात फुलं भिजवून, उलगडून.

भिजवावी लागत, कारण तेरडा दाबला की संपतो. फूल पाणीदार. पाकळ्या एकमेकींना चिकटतात, मागची शेपटी भलतीकडे वळते आणि बोंड हात लागताच फुटून बी उडून जातं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. टिपकागदात तेवढाही टिकत नाही. जाती मात्र ओळखायच्या याच फुलावरून.

आजचा वाद इथूनच सुरू होतो. वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत १९५८ पासून नव्या नावासोबत टाइप सांगणं सक्तीचं झालं, १९९० पासून तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही. जुन्या नावांना ही शिस्त नव्हती. लेखकाने नमुन्याचा हवाला न देता नुसता डोंगर नि उंची लिहिली असेल, तर नंतरच्या अभ्यासकाने मूळ साहित्यातून, म्हणजे त्या लेखकाच्या वेळच्या नमुन्यांतून नि चित्रांतून, एक वस्तू टाइप म्हणून निवडायची. अशा वेळी हवाला न दिलेला नमुना आणि मूळ चित्र यांना नियमात सारखंच वजन आहे. चित्रात फूल जिवंत दिसतं, पण त्यातून डीएनए निघत नाही, परागकण तपासता येत नाहीत. शीटमधून हे मिळू शकतं, पण तिथे फुलाचा तपकिरी डाग उरलेला असतो. आणि रीतसर छापून आलेली पहिली निवड पुढच्या सगळ्यांवर बंधनकारक, चुकीची ठरवायला नियमातलंच कारण लागतं.

मला शीटची बाजू पटते. फूल ओळखू येत नसेल, तर त्याच डोंगरातला ताजा नमुना आधारासाठी जोडायची सोय नियमात आहेच. फक्त तो डोंगर जागेवर हवा. मुन्नारच्या आसपासचे उतार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चहाखाली गेले.

नव्या जातींपुरता हा घोळ मिटला आहे. २००७ पासून वनस्पतीच्या नव्या जातीचा टाइप म्हणून चित्र चालत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने नव्या जातीचा नमुना नेमलेल्या भारतीय संग्रहात ठेवणं बंधनकारक केलं. उशिरा सुचलं, पण सुचलं. आता नीट केलेल्या शीटवर दाबलेल्या झाडाशेजारी कागदी पाकीट असतं, त्यात फुलाचे भाग सुटे करून वाळवलेले; एक फूल बाटलीत स्पिरिटमध्ये आणि रंगासाठी जागेवर काढलेला फोटो. जुन्या शीटचे स्कॅन घरबसल्या दिसतात. पण चिकटलेली पाकळी स्कॅनमध्येही चिकटलेलीच दिसते, त्यामुळे कोईमतूरच्या वनस्पतिसंग्रहातल्या कपाटांपर्यंत जाणं काही चुकत नाही.