दारव्हा पट्ट्यातली गावं: शिरगणती आणि येण्याजाण्याची सोय

वऱ्हाडात आगगाडी आली ती कापसापायी. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला, पण कारंजा, दारव्हा, यवतमाळ हा पऱ्हाटीचा पट्टा त्याच्या दक्षिणेला लांबच राहिला. १८९१ मध्ये वऱ्हाडात २८,९७,४९१ माणसं होती. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, १९०१ मध्ये, २७,५४,०१६ भरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका विलायती कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ असा ११३ किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग टाकला. हीच पुढे सगळ्यांची शकुंतला.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या खासगी रेल्वे सरकारजमा होत गेल्या. शकुंतला मात्र खासगीच राहिली. गाडी सरकार चालवी, मार्ग कंपनीचा आणि मधे करार. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा या घोळात रूळ झिजले आणि वेग उतरला. १९९४ मध्ये वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, तरी चाल तीच.

गाडी बंद झाली गेल्या दशकाच्या उत्तरार्धात. कारण सांगितलं गेलं ते मार्गाची अवस्था आणि तोटा. मार्ग खराब होता हे खरंच. तोट्याचं मात्र तपासून घ्यायला हवं. शेवटच्या काळात बऱ्याच स्थानकांवर तिकीटखिडकीच उरली नव्हती. तिकिटं गार्ड फाडायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून ते लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडून पुन्हा चढायचा. अशा गाडीत सरकीचं पोतं आणि दोन लेकरं घेऊन बसलेली बाई कोणत्या हिशेबात धरली गेली असेल? ‘प्रवासी नाहीत म्हणून गाडी नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आधी प्रवासी मोजायला माणूस ठेवायला हवा होता. रुंदीकरणाच्या घोषणा त्यानंतरही झाल्या. रूळ तसेच आहेत, बाभळी मात्र वाढल्या.

बाकी भार एसटीवर आला, आणि एसटी म्हणजे फाटा. कागदावर ‘बसची सोय आहे’ असं असलं तरी गाडी बरेचदा फाट्यावरच थांबते. तिथून पायी, नाहीतर कोणाच्या तरी मोटारसायकलवर. पावसाळ्यात पांदण चिखलाने भरली की बंडीसुद्धा रुतते. मानव विकास या सरकारी कार्यक्रमातल्या एसटीच्या निळ्या गाड्यांनी शाळेच्या पोरींची सोय केली, हे कबूल करायला हवं. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात लोक काळी-पिवळीकडे आणि स्वतःच्या दुचाकीकडे वळले. त्यातले सगळेच काही परत आले नाहीत.

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा मोठा मार्ग होतो आहे. वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुढे दारव्हा, दिग्रस, पुसद. मोठ्या गावांना गाडी मिळेल, लहानग्यांना थांबा मिळेलच असं नाही, कारण थांबा मागायलाही आधी माणसं दाखवावी लागतात.

आणि इथेच खरी मेख आहे. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये २४,५८,२७१ होती, २०११ मध्ये २७,७२,३४८. पण गणना मौजावार, म्हणजे महसुली गावाप्रमाणे होते. गावठाण, त्याला लागलेला बंजाऱ्यांचा तांडा आणि पलीकडचं पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, हे सगळं पुष्कळदा एकाच मौजात येतं आणि एकाच आकड्यात जातं. गावठाणाला डांबरी रस्ता असला की मौजाला रस्ता आहे, पोडाला नुसती पायवाट असली तरी. शिवाय २०११ ची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीची. त्या दिवसांत तांड्यातली कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात असतात, आणि मोजणीच्या सगळ्या दिवसांत बाहेर असलेला माणूस गावच्या यादीत येत नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. म्हणजे प्रगणक दारात येईल तेव्हा हंगाम पुन्हा ऊसतोडीचाच असेल.