पिकचा खरखराट का फ्रेटचा बझ? ॲक्शन वाढवायच्या आधी एवढं बघा

आमच्या बेळगावात इलेक्ट्रिक गिटार शिकणारी पोरं भेटली की एक तक्रार ठरलेली, "गिटार खरखरालीय, ॲक्शन वाढवून घेऊ काय?" थांबा की जरा. ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची. पिक (तार छेडायची चपटी चकती) तारेवर घासल्याचा आवाज वेगळा आणि तार फ्रेटला (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीला) लागून येणारा बझ वेगळा, दोन्ही कानाला सारखेच खरखरीत लागतात खरं उपाय अगदी वेगळे, आणि चुकीचा उपाय केला की पैसे जातात, गिटार वाजवायला जड होते आणि आवाज आहे तिथंच राहतो.

ओळखायचं कसं? पिक खाली ठेवा आणि अंगठ्याच्या मऊ भागानं तीच नोट वाजवा. पण जोर पिकइतकाच लावा हं, कारण हळू वाजवलं तर बझसुद्धा गायब होतो आणि तुम्ही फसता. खरखर गेली तर पिक, राहिली तर फ्रेट. अजून खात्री पाहिजे असेल तर उजवा हात लावूच नका, डाव्या हाताचं बोट फ्रेटवर जोरात आपटून नुसता हॅमर-ऑन करा. दुसरी खूण वेळेची. पिकचा आवाज नोटच्या अगदी सुरुवातीला "चिक" करून संपतो, बझ मात्र तार वाजेल तसा मागनं झणझणत राहतो, आणि तो बहुतेक ठराविक फ्रेटवरच येतो. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, लगेच कळतंय.

आता पिकचं. इलेक्ट्रिकच्या नेहमीच्या सेटमध्ये जाड तीन तारांवर वेटोळं असतं, बारीक तीन साध्या. पिक तिरकं धरलं की त्याची कड त्या वेटोळ्यावरनं कानस फिरवल्यासारखी जाते, म्हणून जाड तारांवर खर्र येतंय आणि बारीक तारांवर नुसतं टक. पिक तारेला थोडं समांतर करा, खर्र लगेच कमी होतं, खरं अगदी सपाट केलं तर पिक तारेत अडकतं आणि टक वाढतं, त्यामुळं मधला कोन हातानंच शोधायला लागतो. टोक तारेच्या पलीकडं जेमतेम दोन मिलिमीटर जाऊ दे. ०.४६ नाहीतर ०.६० चं पातळ पिक तारेवर फडफडतं, १ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, गोल टोकाचं घेऊन बघा. आणि जुनं पिक उजेडात धरून कड बघा, दातेरी झाली असेल तर बारीक पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करा.

यात सगळ्यात फसवणारा प्रकार एकच तार भराभर वाजवताना होतो. आधीची नोट अजून वाजत असते, तार हलत असते आणि पिक तिला हळूच टेकतं, तेवढ्यात "झर्र" होतं. हे इतकं फ्रेट बझसारखं ऐकू येतं की चांगले वाजवणारेसुद्धा फ्रेट घासून घ्यायला निघतात. पिक तारेवर रेंगाळू द्यायचं नाही, टेकलं की पार, एवढाच सराव. मेट्रोनोम हळू लावून एकाच तारेवर करा.

फ्रेटच्या बझला कारणं नेकमध्ये, म्हणजे गिटारीच्या दांड्यात. जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.२५ मिलिमीटर फट पाहिजे. तार तिथं टेकलेलीच असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई) थोडा सैल, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. एकाच फ्रेटवर बझ असेल तर बहुतेक पुढचा फ्रेट वर आलेला असतो, ते काम कारागिराचं. आपल्याकडं हवामानाचंही आहे, खानापूर बाजूला पावसाळ्यात घरात सगळं दमट, अथणीकडं उन्हाळ्यात कोरडं ठणठणीत, लाकूड हलणारच, म्हणून मोसम बदलला की ही फट परत बघायची. आणि बझ नुसता गिटारजवळ ऐकू येतोय, ॲम्पमधनं येत नाही, तर त्याच्या मागं लागू नका. तंबोऱ्याला जवारी काढतात तेव्हा तार घोडीवर मुद्दाम अशीच घासू देतात, इथं फक्त ती नको त्या जागी होते.

खरं गुंता असा की बझसुद्धा पिकमुळं होऊ शकतो. तार बॉडीकडं दाबून मारली की ती फ्रेटच्या दिशेनं वरखाली हलते आणि चांगल्या सेटअपची गिटारसुद्धा झणझणते. तार आडवी ढकला, बॉडीला समांतर. वडगावच्या एका पोराला दुकानात फ्रेट लेव्हलिंग (सगळे फ्रेट घासून एका उंचीचे करणं) सांगितलं होतं, एवढा एक बदल केला आणि त्याच गिटारीचा बझ गेला.

नॉइज गेट पेडलच्या भरवशावर राहू नका. गेट नोट थांबल्यावरची घूं-घूं कापतो, पिकचा आवाज नोटबरोबरच येतो तेव्हा गेट उघडाच असतो. डिस्टॉर्शन जास्त असलं की बारीक खरखरसुद्धा वर येते, म्हणून आधी गेन (डिस्टॉर्शन वाढवणारा नॉब) कमी करा, मग टोनचा नॉब १० वरनं ७ वर आणा, आणि ब्रिजजवळ (बॉडीवर तारा टेकतात त्या घोडीजवळ) वाजवत असाल तर हात थोडा नेककडं सरकवा.