रोमची मुहूर्तमेढ

१८९९ साली रोमच्या फोरममध्ये, म्हणजे प्राचीन शहराच्या मुख्य चौकात, जाकोमो बोनी या पुरातत्त्वज्ञाला खोदकामात काळ्या फरशीचा एक चौकोन लागला. सभोवतालची फरशी फिकट, हा तुकडा तेवढा काळा. प्राचीन लेखकांनी या 'काळ्या दगडा'चा उल्लेख करून ठेवला होता आणि त्याचा संबंध रोमचा संस्थापक रोम्युलस याच्या मृत्यूशी जोडला होता. बोनीने फरशीखाली खणून पाहिलं. रोम्युलस काही भेटला नाही. सापडला तो एक बुटका, वरून तुटलेला दगडी खांब, त्याच्या अंगावर लॅटिन भाषेतली फार जुनी अक्षरं. नांगर शेताच्या टोकाला जाऊन वळतो आणि उलट्या दिशेने पुढचं तास धरतो, तशा त्या ओळी एक वर जाणारी, पुढची खाली येणारी.

हा लेख इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातला. अर्धा तुटल्यामुळे सलग अर्थ लागत नाही, पण सुटे शब्द कळतात. 'सक्रोस', म्हणजे देवाच्या हवाली केलेला. 'कलातोरेम', म्हणजे दवंडी देणारा. 'इऔक्समेंता', म्हणजे जुवाला जुंपायची जनावरं. आणि 'रेकेइ', म्हणजे 'राजाला'. यातले दोन शब्द आपल्याला परके वाटायचं कारण नाही. लॅटिन 'रेक्स' आणि संस्कृत 'राजन्' यांचं मूळ एकच, आणि 'इऔक्समेंता'तलं 'जू' म्हणजे आपलंच जू.

रोमन लोक स्वतः सांगत ती कथा अशी. ट्रॉय शहर जळाल्यावर तिथला वीर इनियस इटलीत आला. त्याच्या वंशातल्या राजकन्येला मार्स देवापासून जुळी मुलं झाली, ती टायबर नदीत सोडून देण्यात आली (कर्णाची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना हे फारसं नवं नाही). लांडगीने त्यांना दूध पाजलं, मेंढपाळाने वाढवलं. मोठेपणी रोम्युलसने जुळ्या भावाला, रीमसला मारलं आणि इ.स.पू. ७५३ मध्ये, २१ एप्रिलला, मेंढपाळांच्या सणादिवशी शहर वसवलं. त्याच्यानंतर सहा राजे झाले: न्यूमा पॉम्पिलियस, टुलस हॉस्टिलियस, अँकस मार्शियस, थोरला टार्क्विनियस, सर्व्हियस टुलियस आणि शेवटचा, 'गर्विष्ठ' म्हणून ओळखला गेलेला दुसरा टार्क्विनियस. त्याला इ.स.पू. ५०९ मध्ये हाकलून रोमनांनी प्रजासत्ताक आणलं.

आता नुसती वजाबाकी करून बघा. ७५३ वजा ५०९, म्हणजे २४४ वर्षं. त्याला सात राजांनी भागलं की प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ ३५ वर्षं येतात. बरं, हे राजे काही सुखाने म्हातारे होऊन गेलेले नाहीत. पहिला वादळात अदृश्य झाला (सिनेटरांनीच त्याचे तुकडे केले, अशीही कुजबूज होती), एकावर वीज पडली, दोघांचे खून झाले, शेवटचा परागंदा झाला. अंथरुणावर मेले ते न्यूमा आणि अँकस, दोघेच. थोरला टार्क्विनियस इ.स.पू. ५७९ च्या सुमारास मारला गेला. दुसरा त्याचा मुलगा असेल, तर इ.स.पू. ४९० च्या दशकात रेगिलस तळ्याकाठच्या लढाईत घोड्यावर बसलेला हा गृहस्थ ऐंशीच्या आसपास होता! डायोनिसियस या ग्रीक इतिहासकारालाही हे पटलं नाही, म्हणून त्याने दुसऱ्या टार्क्विनियसला मुलगा न ठेवता नातू करून टाकलं.

हिशेब जुळत नाही, याचं कारण उघड आहे. पहिला रोमन इतिहासकार फेबियस पिक्टर याने इ.स.पू. २०० च्या सुमारास लेखणी उचलली, तीही ग्रीकमध्ये. म्हणजे रोम्युलसच्या मानलेल्या काळानंतर साडेपाचशे वर्षांनी. ७५३ हे साल पक्कं झालं ते त्याच्याही नंतर, व्हारो या रोमन विद्वानाच्या हिशेबाने. शिवाय ग्रीक गणिताप्रमाणे ट्रॉय पडलं इ.स.पू. ११८४ मध्ये. मधली चारशे वर्षं भरायला आल्बा लोंगा गावच्या राजांची एक मालिकाच रचावी लागली.

लांडगीचंही तसंच. रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयातली काशाची प्रसिद्ध लांडगी कितीतरी पिढ्या प्राचीन इट्रुस्कन, म्हणजे रोमच्या उत्तरेला राहणाऱ्या शेजारी लोकांनी घडवलेली, मानली गेली. तिच्या पोटाखालची बाळं पंधराव्या शतकात जोडलेली आहेत, हे माहीत होतंच. पुढे ओतकामाच्या साच्यातल्या सेंद्रिय अंशांचं कार्बन कालमापन झालं आणि उत्तर आलं: अकरावं-बारावं शतक, तेही इसवी सनाचं. काही अभ्यासकांना ते अजून मान्य नाही. लॅटिनमध्ये 'लुपा' म्हणजे लांडगी आणि वेश्याही, हे मात्र खुद्द लिव्ही या रोमन इतिहासकाराने नोंदवून ठेवलं आहे.

मग हाती उरतं काय? पॅलेटाइन टेकडीवरच्या मऊ खडकात कोरलेले खड्डे. लाकूड कधीच कुजून गेलं, पण जिथे मेढी रोवल्या ते खळगे राहिले. ते जोडत गेलं की लंबगोल झोपडीचा आराखडा उमटतो: लांबी पाचेक मीटर, मातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती, वर शाकारलेलं छप्पर. वरचं रूप कसं असेल हे त्या काळच्या अस्थिकलशांवरून कळतं, कारण राख ठेवायचे काही कलश हुबेहूब झोपडीच्या आकाराचे असत. या झोपड्या लोहयुगातल्या, दंतकथेच्या काळाला बऱ्यापैकी जुळणाऱ्या. गंमत म्हणजे बादशाही काळातही रोमन लोक तिथे 'रोम्युलसची झोपडी' म्हणून एक झोपडी जपत होते. मोडली की पुन्हा तशीच शाकारायची.

पण झोपड्यांची वस्ती म्हणजे शहर नव्हे. माझ्या मते रोमचा खरा जन्म टेकडीवर नाही, खालच्या चिखलात झाला. फोरमची जागा सखल होती, टायबरला पूर आला की पाणी भरायचं. तिथे भोकं पाडून काढलेल्या मातीच्या नमुन्यांतून दिसतं, की माणसांनी तिथे जवळपास दोन मीटर भराव घातला, सांडपाण्याला वाट काढली आणि वर चौक केला. इतकी माती वाहायला माणसं जुंपावी लागतात, त्यांना कामावर ठेवणारा कुणीतरी लागतो. रोम्युलस नसेल, पण 'रेक्स' होता.

त्या राजांची खरी यादी वेगळी असण्याचीही शक्यता आहे. १८५७ मध्ये व्हुल्ची इथे सापडलेल्या एका इट्रुस्कन थडग्यात भित्तिचित्र आहे: मॅस्टार्ना नावाचा वीर आपल्या साथीदाराचे बंध कापतोय आणि बाजूला 'रोमचा नियस टार्क्विनियस' मारला जातोय. सात जणांत या नावाचा राजा नाही. दोन्ही टार्क्विनियस लुसियस होते. इट्रुस्कनांचा इतिहास लिहिलेल्या सम्राट क्लॉडियसने मात्र इ.स. ४८ मध्ये सिनेटपुढे सांगितलं होतं, की मॅस्टार्ना म्हणजेच आपला सर्व्हियस टुलियस. ते भाषण कोरलेला कांस्यपत्रा फ्रान्समध्ये लियाँ इथे सापडला आहे.

राजे गेल्यावर 'रेक्स' ही रोममध्ये शिवीच झाली. पण देवांना राजाच्या हातच्या पूजेची सवय. म्हणून 'यज्ञापुरता राजा' असं एक पद ठेवलं गेलं, त्याला कसलीही राजकीय सत्ता नव्हती. दर वर्षी २४ फेब्रुवारीला तो फोरममधल्या सभास्थानी, म्हणजे बोनीचा दगड निघाला तिथेच, बळी देई आणि पाठ फिरवून पळत सुटे.